भुयारात शिरण्याआधीची खलबतं

दोन तास नकाशात डोकी खुपसून बेत ठरतो. चोर मागच्या भिंतीवरून चढणार, जादूगार पहारेकऱ्यांना झोपवणार, उरलेले नाल्यातून आत शिरणार. मग खेळ पुढे सरकतो आणि पाचव्या मिनिटाला लढवय्या जाहीर करतो, "मी सरळ दारावर थाप मारतो." डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच्या जातीचा, टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका वठवायचा कोणताही खेळ खेळणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. बहुतेक जण तो खेळाडूंचा उतावळेपणा म्हणून हसण्यावारी नेतात. मला मात्र त्यात खेळाडूंपेक्षा नियमांचा हात मोठा दिसतो. बेत आखण्याचं बक्षीस या खेळांनी कधी भरभरून दिलं, कधी काढून घेतलं, आणि टेबलावरची वागणूक त्यानुसार बदलत गेली.

सुरुवात प्रशियाच्या लष्करात होते. राइसवित्झ पिता-पुत्रांनी घडवलेल्या 'क्रीगश्पील' या युद्धखेळाचं १८२४ सालचं रूप अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात वापरलं गेलं. नकाशा १:८००० प्रमाणाचा, एक फेरी म्हणजे दोन मिनिटं. खेळाडू सोंगट्या स्वतः हलवत नसत. ते लेखी हुकूम पंचाच्या हाती देत. हुकूम पलटणीपर्यंत कधी पोचेल आणि सेनापतीला रणांगणातलं काय दिसेल, हे पंच ठरवी. म्हणजे बेत एकाच्या डोक्यात आणि वस्तुस्थिती दुसऱ्याच्या हातात. आजचा डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवून निकाल देणारा, याच पंचाचा वारस आहे. शत्रूच्या मुख्य फौजेशी पहिली गाठ पडल्यावर कोणताही बेत खात्रीने टिकत नाही, हे मोल्टके यांचं प्रसिद्ध मत. तेही याच प्रशियाचे सरसेनाधिकारी होते.

अमेरिकी लष्करी अधिकारी चार्ल्स टॉटन यांचं 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक १८८० सालचं. खेळाडूला काहीही करून बघायची मुभा आणि त्याचा निकाल पंचाकडे, ही कल्पना मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली यांनी त्यातून उचलली. १९६९ मध्ये त्यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव, आणि प्रत्येक खेळाडूला एकेका माणसाची भूमिका. वेस्लींचा स्वतःचा बेत पहिल्याच संध्याकाळी बारगळला. खेळाडू आपापसांत कुजबुजायला लागले, कोपऱ्यात जाऊन कट शिजवू लागले, दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. खेळ फसला असं समजून वेस्ली खट्टू झाले, आणि खेळाडू मात्र पुढचा डाव कधी म्हणून मागे लागले. भूमिकांच्या खेळाचा जन्म असा फिसकटलेल्या बेतातून झाला. पुढच्या एका डावात डेव्ह अर्नेसन सीआयएचं बनावट ओळखपत्र घेऊन आले आणि त्यांनी बाकीच्यांना गुंडाळलं, हा किस्सा या वर्तुळात अजून चवीने सांगितला जातो. आधीपासून आखलेला आणि तडीस गेलेला हा दुर्मीळ बेत!

अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला. बेत या गोष्टीला खरा भाव होता तो तेव्हा. पात्राला वरच्या पातळीवर नेणारे अनुभवाचे गुण मुख्यतः भुयारातून बाहेर आणलेल्या धनावर मिळत, एका सोन्याच्या नाण्याला एक गुण. राक्षस मारण्याचे गुण १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीने आणखी खाली आणले. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळून तिजोरी गाठण्याचा विचार करी. शिवाय घड्याळ डोक्यावर होतं. भुयारातल्या दर दहा मिनिटांनी पंच फासा टाकी आणि सहा पडले की भटका राक्षस हजर. त्याला मारून हाती फारसं काही लागत नसे, रक्त मात्र सांडे. जादूगाराला तर दिवसभराचे मंत्र सकाळीच निवडून पाठ करावे लागत. म्हणजे त्याचा बेत थेट नियमातच कोरलेला.

गायगॅक्स यांच्या १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत यशस्वी मोहिमेवर एक प्रकरणच आहे. उद्दिष्ट ठरवा, साथीदारांशी बोलून तयारी करा, वाटेत भलतीकडे भरकटू नका. पण लगेच पुढच्या वर्षीच्या डंजन मास्टरच्या पुस्तकात ते पंचाला सुचवतात की प्रत्येक दाराला कान लावत वेळ काढणाऱ्यांवर भटके राक्षस सोडावेत. तयारी हवी, पण घोळ घालत बसू नका, असा हा दुहेरी धाक होता.

तेव्हा आणखी एक पद होतं, ते आता जवळपास विस्मृतीत गेलंय. सगळ्या गटाचा निर्णय पंचाला कळवणारा 'कॉलर'. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचातही त्याची नीट व्याख्या आहे. वाद घाला, पण शेवटी बोलणार एकच जण. ही प्रथा मागे पडली तशी प्रत्येक खेळाडूला आपल्या पात्रापुरता थेट पंचाशी बोलायचा हक्क मिळाला. खेळ जिवंत झाला खरा, पण बेत मोडायला आता एकच वाक्य पुरेसं होतं.

बेताचा दुसरा वैरी म्हणजे गणित. हळूच सरकण्यात प्रत्येकाला यशाची ७० टक्के शक्यता असेल, तर चारही जण आवाज न करता पोचण्याची शक्यता २४ टक्क्यांवर येते. एक फासा वाकडा पडला की शिंग फुंकलं जातं. लढाईचं तसं नसतं. तिथे धोका वीस-पंचवीस फाश्यांत विखुरतो, एखादा वार हुकला तरी अंगावर प्राणांक, म्हणजे मार सोसायची मोजलेली ताकद, शिल्लक असतात. म्हणून गनिमी काव्याने निघालेला गट अखेर तलवारी उपसतो. हा भित्रेपणा नाही आणि मूर्खपणाही नाही, फाश्यांचा हिशोबच तसा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने यावर उतारा दिला. सामूहिक प्रयत्नात निम्मे जण यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी.

दरम्यान बक्षिसाचा भाव बदलला होता. याच खेळासाठी १९८४ पासून निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' या तयार साहसांत कथेचा रस्ता लेखकाने आधीच आखलेला होता. खेळाडूंनी स्वतःचा बेत केला तर तो त्या रस्त्याला जाऊन मिळण्यापुरताच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याबद्दलचे गुण ऐच्छिक झाले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गुण मिळू लागले ते आव्हानं पार केल्याबद्दल, आणि बहुतेक टेबलांवर आव्हान म्हणजे लढाई असाच अर्थ घेतला गेला. लढाई टाळण्यासाठी रात्र घालवणारा खेळाडू आता स्वतःचंच नुकसान करून घेतोय, असं वाटायला लागलं. खलबतांची हौस मात्र सुटली नाही. १९८९ च्याच 'शॅडोरन' या दुसऱ्या खेळामध्ये काम पत्करायचं, माहिती काढायची आणि मग धाड घालायची, असा साचा होता. त्यात बैठकीची बैठक माहिती काढण्यात जाई.

यावरचा सर्वांत धीट तोडगा जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या चोरांच्या टोळीच्या खेळामध्ये सापडतो. बेताचे सहा प्रकार दिलेत, त्यातला एक निवडा, त्याचा एकच तपशील सांगा आणि फासा टाका. तो पडताच तुम्ही धाडीच्या मध्यावर. पहारेकऱ्याला लाच दिली होती का? अडचण समोर आल्यावर मागे जाऊन 'हो, कालच दिली' असं दाखवायची सोय आहे. गोष्ट अवघड असेल तशी पात्रावरच्या ताणातून किंमत मोजायची. पोतडीत दोर होता की नव्हता, हेसुद्धा लागेल तेव्हा ठरतं. तयारी आधीऐवजी नंतर करायची, ही कल्पना अफलातून आहे. त्याआधी 'लेव्हरेज' (२०१०) आणि 'नाइट्स ब्लॅक एजंट्स' (२०१२) यांनीही त्या दिशेने पावलं टाकली होती.

यात कंटाळा गेला हे मान्य, पण एक सुखही गेलं असं मला वाटतं. जुन्या पद्धतीत नाल्याचा पत्ता खेळाडूने स्वतः काढलेला असे आणि पंचालाही तो बेत ऐकून घाम फुटे. मागाहून जोडलेल्या लाचेत ती चुरस नाही. जुन्या नियमांकडे परतणाऱ्या मंडळींची चळवळ २००६ च्या सुमारास जोर धरू लागली. तिने सोन्याला गुण, भटके राक्षस आणि घड्याळ हे तिन्ही परत आणले. तिथे दाराबाहेरची खलबतं पुन्हा तासन्‌तास चालतात, आणि दारावर थाप मारणारा लढवय्या तिथेही भेटतोच.