डॉक्टरांचा ‘गॅलप’ खरं तर कँटर आहे

गॅलप म्हणजे घोड्याची चौखूर दौड. इंग्रजीत हा शब्द घोड्यावरून केव्हाच उतरला. बेफाम चलनवाढ ‘गॅलपिंग’ असते, 1940मध्ये वाऱ्याने कोसळलेल्या अमेरिकेतल्या टॅकोमा पुलाचं टोपणनाव ‘गॅलपिंग गर्टी’ होतं, आणि हृदयरोग्याच्या केसपेपरवर ‘एस-थ्री गॅलप’ लिहिलेलं सापडतं. हा शेवटचा वापर मात्र टापा मोजल्या तर चुकतो.

चौखूर दौडीत टापा चार: मागचे दोन पाय एकापाठोपाठ, मग पुढचे दोन, नंतर क्षणभर सगळे खूर अधांतरी. कँटर ही त्याहून संथ चाल. तीत आधी मागचा एक पाय टेकतो, मग तिरकी जोडी एकदम, शेवटी उरलेला पुढचा. टापा तीन आणि खंड. आपलं ‘टबडक, टबडक’ ते हेच.

हृदयाचं लब-डब झडपा मिटण्याचं. ‘डब’नंतर निलय, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, सैलावतो आणि अलिंदातलं, म्हणजे वरच्या कप्प्यातलं, रक्त आत घुसतं. निलय थकून फुगलेला, आधीच भरलेला असेल तर ही धार आत अचानक अडते; भिंत आणि रक्त थरथरतात. ‘डब’नंतर 0.12 ते 0.18 सेकंदांत उमटणारा हा तिसरा आवाज (‘एस-थ्री’; लब-डब धरून टापा तीन, म्हणजे कँटर) इतका खर्जातला असतो की सहज निसटतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हृदयाच्या टोकाशी अलगद टेकवायची, श्वास सोडायला सांगायचा. बेल दाबली की खालची कातडी ताणून पडद्यासारखी होते आणि नेमका खर्ज गळतो. नवशिक्यांची चूक बहुधा हीच.

मुलांत, तरुणांत, गरोदरपणी हा आवाज निरोगी असू शकतो. चाळिशीनंतर हृदय निकामी होत असल्याची शंका घ्यावी. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ तो पकडत नाही, ते प्रकाशाने नाडी मोजतं. काळ्या घोड्याच्या नालेच्या अंगठीबद्दल तर बोलायलाच नको.

चौथा आवाज ‘लब’च्या जरा आधी येतो: अलिंद आकुंचन पावून ताठर निलयात रक्त ढकलतं तेव्हा. अलिंद नुसतंच फडफडत असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, तो उमटतच नाही. तिसरा आणि चौथा दोन्ही सुटे ऐकू आले तर आवाज चार, म्हणजे घोड्याच्या हिशेबाने अस्सल गॅलप. पण नाडी फार वाढली की दोघे एकमेकांत मिसळतात आणि परत तीनच उरतात.