'नोविक': ३७ नॉटची विनाशिका

रशिया-जपान युद्धात रशियन आरमाराची वाताहत झाल्यानंतर तेथील जनतेने नौदलासाठी दिलेल्या देणग्यांपैकी काही रक्कम शिल्लक होती आणि त्या पैशातून सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव्ह कारखान्यात १९१० मध्ये 'नोविक' या विनाशिकेची बांधणी सुरू झाली. सुमारे १०२ मीटर लांबीच्या या जहाजाकडून ताशी ३६ सागरी मैल, म्हणजे ३६ नॉट, एवढ्या वेगाची अपेक्षा होती.

ही अपेक्षा किती मोठी होती, हे लाटांच्या गणितावरून कळते. जहाज पुढे सरकताना स्वतःच लाट निर्माण करते आणि वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. ३६ नॉटला तिची लांबी सुमारे २१९ मीटर, म्हणजे 'नोविक'च्या दुपटीहून अधिक भरते. अशा वेळी जहाजाचा नाळेकडचा भाग वर उचलला जातो, मागचा भाग पाण्यात रुततो आणि इंजिनाची बरीचशी शक्ती नुसती लाट उठवण्यात खर्ची पडते. ढोबळ मानाने लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ३० नॉटवरून ३७ वर जायचे तर ती जवळजवळ दुप्पट करावी लागते.

एवढी शक्ती कोळशावर मिळवणे अवघड होते. 'नोविक' ही केवळ तेलावर चालणारी पहिली रशियन विनाशिका होती. वजनास वजन तोलले तर तेलातून कोळशापेक्षा बरीच अधिक उष्णता मिळते, ते फवाऱ्याने जाळता येते आणि फावडे चालवणाऱ्या माणसांच्या दमावर जहाजाचा वेग अवलंबून राहत नाही. तिचे सहा बॉयलर तेव्हा जर्मनीत असलेल्या श्टेटिनच्या व्हल्कन कंपनीच्या रचनेचे होते आणि त्यांच्या वाफेवर तीन टर्बाइन फिरत. पहिल्या चाचण्यांत मात्र ठरलेला वेग गाठता आला नाही. बॉयलरांत सुधारणा झाल्यावर, ऑगस्ट १९१३ मध्ये, तिने ३७.३ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ६९ किलोमीटरचा, त्या काळी जागतिक विक्रम ठरलेला वेग नोंदवला. हे श्रेय माझ्या मते जहाजाच्या आकाराइतकेच, किंबहुना अधिक, त्या बॉयलरांचे आहे. तिच्या नमुन्यावर बांधलेल्या पुढच्या विनाशिकांना हा वेग सहसा साधला नाही, यावरूनही ते दिसते.

पहिल्या महायुद्धात तिची खरी उपयुक्तता वेगळीच ठरली. चार १०२ मिलिमीटर तोफा आणि पाणतीर यांखेरीज ती पन्नास-साठ सागरी सुरुंग वाहून नेई. रात्री वेगाने जाऊन सुरुंग पेरायचे आणि उजाडण्यापूर्वी परतायचे, हे काम बाल्टिक समुद्रात तिच्या वाट्याला वारंवार आले. ऑगस्ट १९१५ मध्ये रीगाच्या आखातात तिची 'व्ही ९९' आणि 'व्ही १००' या दोन जर्मन विनाशिकांशी गाठ पडली. तिच्या अचूक तोफमाऱ्याने घायाळ झालेली 'व्ही ९९' रशियन सुरुंगांत सापडून नष्ट झाली.

क्रांतीनंतर 'याकोव्ह स्व्हर्दलोव्ह' असे नवे नाव मिळालेली ही विनाशिका ऑगस्ट १९४१ मध्ये, एस्टोनियातील टालिन बंदरातून माघार घेणाऱ्या ताफ्यासोबत जात असताना, सुरुंगाच्याच स्फोटाने बुडाली.