अंधारात डोळा गप्प बसत नाही

परवा रात्री खोलीतले दिवे घालवून डोन्ट स्टार्व्ह हा रानात तगून राहायचा व्हिडिओ गेम खेळत होतो. लाकडं गोळा करायच्या नादात शेकोटीपासून बराच लांब गेलो, संध्याकाळ कधी सरली ते कळलंच नाही, हातातली मशाल (ही फक्त 75 सेकंद टिकते) विझली आणि स्क्रीन ठार काळी. काही सेकंद काहीच होत नाही. मग कुठूनतरी एक आवाज येतो आणि पाठोपाठ फटका. विल्सनकडे, म्हणजे गेममधल्या माझ्या पात्राकडे, 150 हेल्थ असते, एका फटक्यात 100 जाते, म्हणजे दुसरा बसायच्या आत उजेड केला नाही तर खेळ संपला. मारणारी (तिचं नाव चार्ली) दिसत नाही, तिला मारताही येत नाही, पौर्णिमेच्या रात्री मात्र ती फिरकत नाही कारण तेव्हा चांदणं असतं. थोडक्यात, इथे अंधार म्हणजे निव्वळ उजेडाचा अभाव नाही, अंधारच शत्रू आहे.

ही कल्पना मला प्रचंड आवडते आणि ती बरीच जुनी आहे. 1976 च्या सुमारास विल क्राउदरने कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर लिहिला, नुसत्या मजकुरावर चालणारा गेम. क्राउदर स्वतः गुहा धुंडाळणारा माणूस, अमेरिकेतल्या केंटकीमधली मॅमथ केव्ह त्याने पायाखाली घातलेली, त्यामुळे त्याच्या गेममध्ये दिव्याशिवाय पुढे गेलात तर खड्ड्यात पडून मरता. खऱ्या गुहेत अगदी हेच होतं. मग एमआयटीतल्या पोरांनी झॉर्क बनवला, त्यातही आधी खड्डेच होते, पण घराच्या माळ्यावर अंधारात माणूस खोल खड्ड्यात पडतो हे काही पटेना, म्हणून खड्ड्यांच्या जागी ग्रू नावाचा प्राणी आणला जो फक्त काळोखात राहतो आणि माणसं खातो. खड्डा खरा होता, ग्रू मनातून आला. पुढे माइनक्राफ्टने तर अंधाराचा सरळ आकडा केला: मशालीचा उजेड 14, दर ठोकळ्यामागे एक कमी, आणि 2021 मधल्या 1.18 आवृत्तीपर्यंत जिथे उजेड 7 किंवा त्याखाली तिथे राक्षस उगवणार.

गेमवाल्यांना असे नियम का लागतात? माझ्या मते एक साधं कारण आहे, स्क्रीन तुम्हाला खरा अंधार देऊच शकत नाही. ती स्वतःच दिवा आहे. खेळताना डोळ्यावर सतत उजेड पडत असतो, त्यामुळे खऱ्या काळोखात डोळ्याचं जे काही होतं ते व्हायला संधीच मिळत नाही, मग भीती नियमातून आणावी लागते. आणि खऱ्या काळोखात डोळ्याचं जे होतं ना, ते कुठल्याही गेमपेक्षा भारी आहे, मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

बहुतेकांची समजूत अशी की अंधारात बाहुली मोठी होते म्हणून थोड्या वेळाने दिसायला लागतं. बाहुली मोठी होते हे खरंय, पण ती साधारण 2 मिलिमीटरवरून फार तर 8 पर्यंत जाते, म्हणजे क्षेत्रफळ 16 पट, आणि तेही बरंचसं काही सेकंदांत उरकतं. डोळ्याची संवेदनशीलता मात्र लाखो पटींनी वाढते आणि त्याला अर्धा तास किंवा थोडा जास्तच लागतो. हे काम दृष्टिपटलातल्या पेशींचं. शाळेत शिकलेल्या शंक्वाकार पेशी रंग दाखवतात, त्या सात-दहा मिनिटांत जेवढं जमतं तेवढं करून थांबतात. त्यानंतर पुढची मजल दंडाकार पेशी मारतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं, उजेडाने ते विरंजित होतं, म्हणजे त्याचा रंग उडतो, आणि पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. गेम्समध्ये आजकाल बोगद्यात शिरल्यावर स्क्रीन एकदम काळी पडून मग सावरते, तो डोळ्याच्या या सवयीचाच देखावा, फक्त दोन सेकंदांत गुंडाळलेला.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. तुम्हाला काय वाटतं, अंधारात दंडाकार पेशी काय करत असते? उजेड नाही म्हणजे शांत बसली असेल, असंच ना? बरोबर उलटं. अंधारात ती चालू असते आणि उजेड पडला की ती बंद होते. काळोखात तिच्या पडद्यातली छोटी दारं उघडी असतात, त्यातून सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत येत राहतात (याला डार्क करंट म्हणतात), त्यामुळे पेशीचा विद्युतदाब साधारण उणे 40 मिलिव्होल्टवर राहतो आणि ती पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट नावाचं रसायन अखंड सोडत राहते. ही दारं उघडी धरतो सीजीएमपी नावाचा एक रेणू. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आला की ऱ्होडॉप्सिनमधल्या रेटिनल नावाच्या रेणूचा बाक सरळ होतो, त्याला सेकंदाच्या एका अब्जांशाचाही हजारो पटींनी छोटा भाग पुरतो, मग ऱ्होडॉप्सिन ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रथिनाला जागं करतं, ट्रान्सड्युसिन एका विकराला (एन्झाइमला), तो विकर सीजीएमपी कापत सुटतो, दारं बंद होतात, दाब आणखी उणे होतो आणि ग्लुटामेट कमी पडतं. ते कमी पडणं हाच संदेश: उजेड आला! आत आलेले आयन पुन्हा बाहेर उपसत राहायला ऊर्जा लागते, त्यामुळे दृष्टिपटल उजेडापेक्षा अंधारात जास्त ऊर्जा खातं. काळ्याकुट्ट खोलीत तुम्ही डोळे उघडे ठेवून पडलेले असता तेव्हा तुमच्या डोळ्याच्या मागे कारखाना धडधडत असतो.

आणि एवढ्या संवेदनशील यंत्रात गडबड ही होतेच. ऱ्होडॉप्सिनचा रेणू कधीकधी फोटॉन नसतानाही, नुसत्या शरीराच्या उष्णतेने, आपोआप पलटी मारतो. हे फार दुर्मिळ आहे, माकडांच्या पेशींवर मोजमाप केलं तेव्हा एका रेणूचं अर्धआयुष्य जवळपास 420 वर्षं निघालं. पण एका पेशीत असे साधारण 12 कोटी रेणू असतात! म्हणजे हिशोब केला तर प्रत्येक दंडाकार पेशी साधारण दर 160 सेकंदांनी एकदा खोटा इशारा देते. आणि अशा पेशी एका डोळ्यात 10 कोटींच्या आसपास, म्हणजे प्रत्येक सेकंदाला सहा लाखांच्या घरात खोटे इशारे. गंमत अशी की हा खोटा इशारा आणि खऱ्या फोटॉनचा इशारा हुबेहूब सारखा असतो, पुढच्या पेशीला फरक कळायचा काही मार्गच नाही.

मग आपल्याला सतत ठिणग्या का नाही दिसत? कारण डोळा एका इशाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. 1942 मध्ये हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी माणसांना आधी बराच वेळ काळोखात बसवलं आणि मग एक मिलिसेकंदाची हिरवट चमक दाखवली. दिसली म्हणायला 5 ते 14 फोटॉन शोषले जावे लागतात असं त्यांना आढळलं, आणि ते पाचशेएक पेशींच्या पट्ट्यात विखुरलेले, म्हणजे एकेका पेशीला एकच फोटॉन पुरतो पण अनेक पेशींनी एकाच वेळी साक्ष द्यावी लागते. थंड रक्ताच्या बेडकांमध्ये उष्णतेची ही गडबड कमी असते, त्यामुळे मंद प्रकाशात ते आपल्याहून सरस ठरतात, हे 1988 मध्ये दाखवलं गेलं.

तरीही चाळणीतून थोडं काहीतरी सुटतंच. म्हणून पूर्ण काळोखातही आपल्याला शाईसारखं काळं दिसत नाही, एक राखाडी, मुंग्या आल्यासारखं, वळवळणारं काहीतरी दिसतं. त्याला जर्मन भाषेतून आलेलं नाव आहे, आयगेनग्राउ, स्वतःचा राखाडी. आणि मेंदूला वळवळीत चेहरे शोधायची सवय, त्यात दारामागे टांगलेला शर्ट असला की उभा माणूस तयार. अंधारात काहीतरी हललं, सावली दिसली, म्हणून कुणी बाधा झाली सांगत असेल आणि वर उतारा टाकायला पैसे मागत असेल तर कृपा करून देऊ नका. तुम्हाला जे दिसलं ते खोटं बोलून सांगत नाही आहात, दिसलंच होतं, पण ते तुमच्या डोळ्यात झालं. तसंच रात्री स्पष्ट दिसण्यासाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे, काच उजेड अडवते, वाढवत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे पक्कं, कारण रेटिनल त्यापासूनच बनतं, पण ज्याला कमतरता नाही त्याने जास्त गाजरं खाल्ली म्हणून घुबडाची नजर येत नाही.

भीतीचं मात्र वेगळं, ती डोळ्याच्या पुढे मेंदूत आहे. 1997 मध्ये ग्रिलॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अचानक मोठा आवाज आला तर माणूस उजेडापेक्षा अंधारात जास्त दचकतो. उंदरांवर त्याच वर्षी झालेल्या प्रयोगात नेमकं उलटं आढळलं, ते प्रखर उजेडात जास्त दचकतात, कारण ते निशाचर. आपण दिवसा वावरणारे, अंधारात आपलं मुख्य ज्ञानेंद्रिय लंगडं पडतं आणि शरीर आधीच सावध होऊन बसतं. डोन्ट स्टार्व्हमध्ये फटक्याच्या आधी आवाज ठेवणाऱ्याने हे बरोबर ओळखलंय असं मला वाटतं.

करून बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. रात्री दिवे घालवून गेम खेळायला बसा आणि एक डोळा तळहाताने किंवा जाड कापडाने पूर्ण झाका, उजेडाची फट राहता कामा नये, डोळ्यावर दाब देऊ नका. पंचवीस-तीस मिनिटं एकाच डोळ्याने खेळा. मग स्क्रीन बंद करा, झाकलेला डोळा उघडा आणि दोन्ही डोळे आळीपाळीने मिटून बघा. एका डोळ्याने खोली मिट्ट काळी, दुसऱ्याने कपाटाची कड, खिडकीची चौकट, पंख्याची पाती सगळं हळूहळू वर येतं. एखादी अंधुक वस्तू दिसली की तिच्याकडे थेट बघा, ती गायब होईल, कारण दृष्टिपटलाच्या मधोमध दंडाकार पेशी नसतातच. नजर थोडी बाजूला घ्या, ती परत येते.