युरोपीय संघातील कायद्याचे राज्य

युरोपीय संघ हा करारांनी एकत्र आलेल्या २७ देशांचा संघ आहे. त्याच्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत. त्याचे कायदे मुख्यतः सदस्य देशांची प्रशासने आणि न्यायालयेच अमलात आणतात. म्हणून एखाद्या देशात न्यायाधीश सरकारच्या दबावाखाली आले, तर त्याची झळ त्या देशापुरती राहत नाही. २०१८ मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला. युरोपीय अटक वॉरंटनुसार एका संशयिताला पोलंडच्या ताब्यात द्यायचे होते, पण तिथे त्याला निःपक्ष न्याय मिळेल का? लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने सांगितले की, त्या विशिष्ट व्यक्तीच्या खटल्याला खरा धोका आहे का हे तपासावे, आणि असल्यास ताबा नाकारावा. तोवर एकमेकांच्या न्यायालयांवरचा विश्वास गृहीत धरला जात असे.

संघाच्या मूळ कराराचे कलम २ मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता आणि मानवी हक्क यांच्यासोबत कायद्याच्या राज्याला संघाचे पायाभूत मूल्य मानते. न्यायालयाने १९८६ मध्येच स्पष्ट केले होते की, सदस्य देश असोत वा संघाच्या संस्था, कोणाचीही कृती न्यायालयीन तपासणीपलीकडे नाही. १९९३ च्या कोपनहेगन निकषांनुसार प्रवेशापूर्वी उमेदवार देशाची कसून परीक्षा होते. प्रवेश मिळाल्यानंतरची व्यवस्था मात्र फारच लेचीपेची होती. भारतात घटनेच्या ३५६ व्या कलमाखाली केंद्र राज्याचा कारभार हाती घेऊ शकते. युरोपीय संघाला तसे करता येत नाही, आणि सदस्याला काढून टाकण्याची तरतूदही करारांत नाही.

हाती आहे ते कलम ७, म्हणजे मूल्ये मोडणाऱ्या देशाचा मताधिकार निलंबित करण्याची तरतूद. ॲम्स्टरडॅम करारातून ते आले. २००० साली ऑस्ट्रियात अतिउजवा पक्ष सत्तेत सहभागी झाला, तेव्हा त्या वेळच्या संघातील इतर १४ देशांनी संघाच्या चौकटीबाहेर जाऊन राजनैतिक निर्बंध लादले. त्या अवघडलेल्या अनुभवानंतर नीस कराराने आधीच इशारा देण्याचा टप्पा जोडला. मूल्यांच्या गंभीर भंगाचा स्पष्ट धोका आहे असा निष्कर्ष काढायला सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत चार-पंचमांश बहुमत पुरते. पण मताधिकार निलंबित करण्याआधी गंभीर आणि सततचा भंग झाल्याचे ठरवावे लागते, आणि त्यासाठी संबंधित देश वगळून बाकी सर्वांचे एकमत हवे. संघाची कार्यकारी संस्था असलेल्या युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१७ मध्ये पोलंडविरुद्ध आणि युरोपीय संसदेने सप्टेंबर २०१८ मध्ये हंगेरीविरुद्ध ही प्रक्रिया सुरू केली. दोन्ही सरकारांनी एकमेकांची पाठराखण केली आणि एकमताची शक्यताच संपली. एकटा अपराधी गृहीत धरणाऱ्या कलमापुढे दोघे उभे राहिले, तेव्हा ते कलमच निकामी ठरले.

खरे काम न्यायालयाने केले. २०१८ मध्ये पोर्तुगालच्या न्यायाधीशांनी पगारकपातीविरुद्ध केलेल्या दाव्यात ते न्यायाधीश हरले; पण संघाचा कायदा लावण्याची वेळ ज्या न्यायालयावर येऊ शकते, ते स्वतंत्र असलेच पाहिजे, हे तत्त्व त्या निकालातून पक्के झाले. त्यावरच पुढे पोलंडविरुद्धचे निकाल उभे राहिले.

इथे वेळेचे महत्त्व कळते. हंगेरीने न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून एकदम ६२ वर आणले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते बेकायदा ठरले, पण तोवर वरिष्ठ पदांवर नवी माणसे बसली होती आणि पदावरून गेलेले अनेक जण जुन्या जागी परतलेच नाहीत. पोलंडने सर्वोच्च न्यायालयासाठी हे वय ७० वरून ६५ केले, तेव्हा लक्झेंबर्गने ऑक्टोबर २०१८ मध्येच अंतरिम आदेश दिला. न्यायाधीश कामावर परतले; अंतिम निकाल जून २०१९ मध्ये आला. न्यायाधीशांवर कारवाई करणाऱ्या शिस्तपालन कक्षाचे काम थांबवण्याचा आदेश पोलंडने पाळला नाही, म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये दररोज १० लाख युरोंचा दंड बसला. त्याच महिन्यात पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने संघ-कराराच्या काही तरतुदी आपल्या घटनेशी विसंगत ठरवल्या होत्या.

दुसरे शस्त्र पैशाचे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार, कायद्याच्या राज्याचा भंग संघाच्या अर्थसंकल्पाला बाधक ठरत असेल तर निधी रोखता येतो, आणि त्याला एकमत लागत नाही. पोलंड आणि हंगेरीचे आव्हान फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळले गेले. त्या डिसेंबरात हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो अडवण्यात आले. मात्र वर्षभराने आयोगाने, वेगळ्या अटींखाली रोखलेले, सुमारे १०.२ अब्ज युरो हंगेरीसाठी मोकळे केले, तेव्हा युरोपीय संसदेने आयोगालाच न्यायालयात खेचले. निधीची चावी राजकीय वाटाघाटींत वापरली जाते, हा संशय गंभीर आहे. शिवाय पैसे अडले की सरकारआधी विद्यापीठे, नगरपालिका आणि छोटे प्रकल्प भरडले जातात.

पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीनंतर सत्तांतर झाले आणि मे २०२४ मध्ये आयोगाने कलम ७ ची प्रक्रिया बंद केली. घडी बसवणे मात्र अवघड ठरले. राजकीय नियंत्रणाखाली गेलेल्या राष्ट्रीय न्यायमंडळाच्या शिफारशीने दोन हजारांहून अधिक न्यायाधीश नेमले गेले होते. त्यांना सरसकट काढावे, तर न्यायाधीशाला पदावरून हलवता येत नाही हे तत्त्वच मोडते आणि त्यांनी दिलेले असंख्य निकाल लटकतात. ठेवावे, तर सदोष नेमणुकांवर शिक्कामोर्तब होते. न्यायमंडळाची पुनर्रचना करणारा कायदा पोलंडच्या संसदेने २०२४ मध्ये संमत केला, पण राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही न करता तो घटना न्यायाधिकरणाकडे पाठवला. हे न्यायाधिकरण स्वतःच वादग्रस्त नेमणुकांनी घडलेले होते.