सेमी-हॉलो गिटारचे साल ठरते कसे? एक पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांचे सामान आता माळ्यावरून खाली यायला लागले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात गणपतीच्या मंडपात, नवरात्रात, भीमजयंतीच्या कार्यक्रमांत वाजलेल्या गिटारी आहेत या. वाजवणारे थकले, मुलांना त्यात रस नाही आणि कुणीतरी कानावर घालते की एफ-होलच्या, म्हणजे अंगावर इंग्रजी एफच्या आकाराची भोके असलेल्या, जुन्या अमेरिकी गिटारला लाखांनी भाव मिळतो. मग डोक्यामागच्या क्रमांकाचा फोटो निघतो आणि ‘साल सांगा’ म्हणून फिरू लागतो. क्रमांकावरून साल छातीठोक सांगणारेही भेटतात. त्यांच्यावर किती विसंबावे हे कळायला त्या क्रमांकांचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

आधीच्या काळाबद्दल फार सांगायची गरज नाही. पूर्ण पोकळ इलेक्ट्रिक गिटार १९३६ पासून बाजारात होती, पण आवाज वाढवला की ती घुमून किंचाळायची. १९५८ मध्ये गिब्सन या अमेरिकी कंपनीने मिशिगनमधल्या कॅलामझू इथल्या कारखान्यातून ईएस-३३५ आणली. तिच्या पातळ पोकळ अंगात मधोमध मेपलचा ठोकळा होता. आज ज्या आकाराला आपण सेमी-हॉलो म्हणून ओळखतो, त्याचा नमुना हाच. पुढे जपान, जर्मनी, कोरिया आणि आपल्याकडचे कारागीरही त्याच्यावरच गेले. म्हणून साल ठरवण्याची भाषाही याच गिटारवरून आली आहे.

सुरुवातीच्या सात वर्षांच्या खुणा बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. फिंगरबोर्डावर, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीवर, ठिपके असतील तर साधारण १९६२ च्या मध्यापर्यंतची, चौकोनी तुकडे असतील तर त्यानंतरची. पिकगार्ड, म्हणजे ओरखडे अडवणारी पट्टी, ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) खालपर्यंत लांब असेल तर १९६१ च्या आधीची समजावी. १९५८-५९ ची नेक, म्हणजे मान, हातात भरते, १९६० ची पातळ लागते. एफ-होलमधून आत डोकावले की नारिंगी लेबल दिसते, आणि १९६१ च्या सुरुवातीपर्यंत त्यावरचा क्रमांक ए अक्षराने सुरू होतो. त्याशिवाय आत लाकडावर कारखान्याच्या कामाच्या खेपेचा वेगळा शिक्का असतो. त्यातले टी अक्षर १९५८ चे, एस १९५९ चे, आर १९६० चे. लेबल फाटले तरी हा शिक्का सहसा टिकतो.

पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबकी यंत्र, त्याच्या खालच्या चिठ्ठीवर मात्र विश्वास जपून ठेवावा. ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा मजकुराची चिठ्ठी १९६२ पर्यंत लागत राहिली, वास्तविक पेटंट १९५९ मध्येच मिळाले होते. नंतर चिठ्ठीवर पेटंट क्रमांक आला खरा, पण तो पिकअपचा नव्हताच, एका जुन्या ब्रिजचा होता. प्रतिस्पर्ध्यांना चकवण्यासाठी हे केले असे बरेच जण मानतात. मला तो सरळसरळ गलथानपणा वाटतो.

खरा घोळ १९६१ नंतरचा. त्या वर्षापासून क्रमांक हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारच्या डोक्याच्या, मागे लाकडातच ठोकू लागले. पाच किंवा सहा आकडे, त्यात सालाचा मागमूस नाही. दोन-तीन वर्षे ते बरे चालले आणि मग कारखान्याने तेच क्रमांक पुन्हा वापरायला घेतले. पाच लाखांच्या घरातला एखादा क्रमांक १९६५ मध्ये भेटतो आणि पुन्हा १९६९ मध्येही. आठ लाखांच्या घरातले १९६६ पासून १९६९ पर्यंत कुठेही निघू शकतात. एकाच क्रमांकाच्या दोन-दोन, क्वचित त्याहून जास्त गिटारी जगात फिरत आहेत, आणि त्यातली एकही खोटी नाही.

हे असे का केले, यावर आजही वाद आहे. एक बाजू म्हणते, साठच्या दशकात गिटारची मागणी इतकी वाढली की नोंदी ठेवायला कुणाला सवड नव्हती. दुसरी म्हणते, गिटारचे वय पुढे कुणी शोधेल हे त्या काळी कुणाच्या मनातच नव्हते. क्रमांक ओळख पटवण्यापुरता होता, जन्मदाखला म्हणून नव्हे. दुसरे म्हणणे मला जास्त पटते. तरीही अडचण राहतेच, कारण नेमक्या याच वर्षांत गिटार बदलली आणि भाव त्या बदलाला चिकटला. १९६४ च्या अखेरीपासून तारांची खालची टोके धरणारा, वाद्याच्या पोटात घट्ट बसवलेला स्टॉप टेलपीस जाऊन लोंबता ट्रॅपीझ आला. १९६५ मध्ये नटची, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० च्या आत आली. हाताला तीन मिलिमीटरचा फरक लगेच जाणवतो, आणि संग्राहक रुंद नेकला कितीतरी जास्त पैसे मोजतात. म्हणजे जिथे पैसा ठरतो नेमका तिथेच क्रमांक मुका होतो. विकणारा १९६४ म्हणतो, घेणारा १९६९ म्हणतो आणि क्रमांकांच्या यादीत दोघांनाही आधार सापडतो. अशा वेळी शाळेतल्या कंपासपेटीतली पट्टी नटवर ठेवावी. यादीपेक्षा ती जास्त खरे बोलते.

पट्टीनंतर पाहायचे ते पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग, आपले रेडिओवाले ज्याला कंट्रोल म्हणतात ते. त्याच्या पाठीवर सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, १३४ म्हणजे सेंट्रालॅब. पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७६६३३ असेल तर सीटीएसचा पॉट, १९६६ चा ३३ वा आठवडा. आत पाहायला दाताच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा आणि टॉर्च पुरते. तरी नाही दिसले तर पॉटचे पेच सोडवून, त्याच्या प्रत्येक दांड्याला दोरा बांधून सगळे वायरिंग एफ-होलमधून बाहेर काढावे लागते. दोरा बांधायला विसरलात तर परत बसवताना घाम फुटतो.

पॉटवरून फक्त एवढेच कळते की गिटार त्या तारखेच्या आधीची नाही. पॉट कारखान्यात महिनोन् महिने पडून राहायचे. आणि आपल्याकडे एक अडचण अधिकची. ऑर्केस्ट्राची गिटार खरखरू लागली की ती लातूर, जालना किंवा नांदेडच्या एखाद्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जायची. बेंजोचा पिकअप जोडणारा, लाउडस्पीकरचे अॅम्प्लिफायर उघडणारा हात तिलाही लागायचा. त्याने घातलेला कंट्रोल देशी असायचा, त्यावर असले आकडे नसायचेच. म्हणून आकडे वाचण्याआधी डाख पाहावा. कारखान्याचा सोल्डर जुना, मंद आणि एकसारखा दिसतो; नंतरचा चमकतो, गोळे धरतो, शेजारी जळकी वायर असते. चारपैकी दोन पॉट बदललेले असतील तर उरलेल्या दोनांवरच भरवसा.

उलट दिशेची मर्यादा घरातून मिळते. आपल्याकडे साल सांगताना माणसे इसवी सन क्वचित सांगतात. ‘बहात्तरच्या दुष्काळात आणली’, ‘नामांतराच्या दंगलीआधी’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी बंद पडली’ असे बोलतात. हे पुरावे हसण्यावारी नेऊ नयेत. १९७२ चा दुष्काळ, १९७८ च्या दंगली, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप या पक्क्या तारखा आहेत. घरच्यांची आठवण खरी असेल तर दुष्काळात आलेली गिटार १९७२ नंतर बनलेली असू शकत नाही. पॉट सांगतो ‘याआधी नाही’, घर सांगते ‘यानंतर नाही’. या दोहोंमध्ये बसत नसेल तर क्रमांक बाजूला ठेवावा.

मात्र घरात आल्याची तारीख हे बनल्याचे साल नव्हे. परदेशी वाद्य त्या काळी कुठल्याही दुकानात सहज मिळत नसे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधने २००१ मध्ये पूर्ण उठली. तोवर गिटार यायची ती बोटीवरच्या माणसाकडून, आखातातल्या नातेवाइकाकडून, मुंबईत धोबीतलाव नाहीतर चोरबाजारातून, किंवा मनमाड-सिकंदराबाद लाइनवरून सिकंदराबादच्या छावणीतल्या बँडवाल्यांकडून. आधी दुसऱ्याने वाजवलेली, दहा-पंधरा वर्षे जुनी गिटार इथे ‘नवी’ म्हणून आलेली असू शकते.

आणि ती अमेरिकी असेलच असे नाही. खरे तर बहुधा नसते. हेडस्टॉकवर ‘गिव्हसन’ असेल तर ते एका अक्षराने वेगळे देशी नाव आहे. घाईत वाचून पुष्कळांनी हुरळून घेतले आहे. बाकी बहुतेक जपानी. १९७० पासून गिब्सनच्याच मालकीची एपिफोनही जपानमध्ये बनू लागली, त्यामुळे तेवढ्या नावावरून काही ठरत नाही. आयबानेझ या जपानी नावाचे क्रमांक १९७५ पासून सोपे आहेत: पहिले अक्षर महिन्याचे, पुढचे दोन आकडे सालाचे. एफ७८ ने सुरुवात म्हणजे जून १९७८. त्याआधीच्या बऱ्याच जपानी गिटारींवर क्रमांकच नाही. तिथे हेडस्टॉकचा आकार पाहावा लागतो, कारण गिब्सनच्या नकलेवरून १९७७ मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि त्या सुमारास डोक्याचा आकार बदलला.

गिब्सनचे अमेरिकी क्रमांकही १९७७ पासून शुद्धीवर आले. आठ आकड्यांत पहिला आणि पाचवा मिळून साल, मधले तीन वर्षातला दिवस. ८१३३१०४५ म्हणजे १९८१ चा १३३ वा दिवस, १३ मे. त्याआधी १९७५ ते ७७ पर्यंत चिकटवलेल्या पट्टीवर ९९, ००, ०६ असे आरंभीचे आकडे अनुक्रमे तीन वर्षांचे. १९७० पासून क्रमांकासोबत ‘मेड इन यूएसए’ हा शिक्काही येतो, तो दिसला की साठच्या दशकाचा विषय संपला. एक फसगत तेवढी उरते: १९८१ मध्ये ठिपक्यांची गिटार पुन्हा बाजारात आली, त्यामुळे ठिपके दिसले की जुनी असे आता धरता येत नाही.

पॉलिशवरच्या बारीक तड्यांवरून वय सांगण्याचीही इथे रीत आहे. मेमधले ४२-४३ अंश आणि डिसेंबरच्या रात्रींचा गारठा पत्र्याखालच्या खोलीत सोसलेली गिटार विशीतच म्हातारी दिसते. त्यापेक्षा नोटा तपासायचा निळा दिवा अंधारात तिच्यावर धरावा. जुने नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश हिरवट-पिवळे चमकते, नंतर रंग मारलेली जागा काळसर डागासारखी वेगळी उठते, आणि नेक कधी मोडून जोडली होती का तेही बऱ्याचदा त्यातच दिसते.