विजेचा साठा किती तासांचा? घाटघरपासून गंजणाऱ्या लोखंडापर्यंत

निफाड-दिंडोरीकडे 'रात्रीची लाईट' म्हटलं की हातातली बॅटरी, पायातले गमबूट आणि उसाच्या कडेला बिबट्याची धास्ती आठवते. औष्णिक संच रात्रीपुरते बंद करणं परवडत नाही, त्यामुळे मध्यरात्रीनंतर वीज शिल्लक राहायची आणि ती शेतीपंपांच्या वाट्याला यायची.

इगतपुरीच्या दक्षिणेला कड्यावरचा घाटघर प्रकल्प याच हिशेबावर उभा राहिला. रात्रीच्या शिलकी विजेने कोकणातल्या खालच्या धरणाचं पाणी सुमारे 400 मीटर वर चढवायचं, मागणी वाढली की तेच सोडून 250 मेगावॅट घ्यायची. आल्प्समध्ये ही युक्ती 19व्या शतकाच्या अखेरीसच आली होती. घाटघरच्या जपानी कर्जाचा करार 1988 चा, वीज आली 2008 मध्ये. पंप्ड स्टोरेजला, म्हणजे पाणी चढवून वीज साठवण्याच्या या पद्धतीला, नावं ठेवताना ही वीस वर्षं हमखास मोजली जातात; बांधून झालेलं धरण पुढे दोन पिढ्या पुरतं, हे मात्र कुणी मोजत नाही.

2017 पासून कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिन्या, सौरऊर्जेवर नेण्याचं काम सुरू झालं आणि हिशेब उलटा फिरला. आता शिल्लक दुपारी, ओढाताण संध्याकाळी.

'दीर्घकालीन साठवण' हा शब्द निविदांमध्ये रुळला तो या काळात, आणि खरा घोळ त्यातच आहे. कुणी चार तासांच्या लिथियम बॅटरीलाही दीर्घकालीन म्हणतं. अमेरिकेने 2021 मध्ये साठवणीचा खर्च दशकभरात 90 टक्के उतरवायचं ठरवलं, तेव्हा अट किमान दहा तासांची होती. बातम्यांत तर नुसते मेगावॅट छापून येतात. मेगावॅट म्हणजे नळ केवढा. टाकीत पाणी किती, हे मेगावॅट-तास सांगतात. 100 मेगावॅटचा साठा दोन तासांत संपतो की दहा, हे सांगितल्याशिवाय त्याची किंमत स्वस्त की महाग ठरवताच येत नाही. लिथियममध्ये तास दुप्पट केले की सेलही दुप्पट लागतात. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात घडलेल्या व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत वीज टाक्यांतल्या द्रावणात साठते, त्यामुळे तिथे फक्त द्रावण आणि टाक्या वाढवायच्या. लोखंड-हवा बॅटरीत लोखंड गंजताना वीज देतं, चार्ज करताना गंज उतरतो. माल स्वस्त, दावा 100 तासांचा, पण घातलेल्या विजेतली निम्मीही परत मिळत नाही.

द्राक्षबागेचं भरणं दिवसा उरकलं की शेतीला साठा लागतच नाही. लागतो तो शहराच्या संध्याकाळीला, आणि तिथे घाटघरसारखं पाणी पुरेसं आहे. शंभर तासांचा प्रश्न येतो तो पावसाळ्यात आठवडाभर झाकोळलं की, कारण नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या पाळ्या तेव्हाही चालूच असतात.