कापूस, विहीर आणि बंब: विदर्भातल्या जुन्या अग्निशमन साधनांची पार्श्वभूमी

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहात जुनी साधने लोकांना पाहायला मांडली जातात. पितळी शिरस्त्राण, घंटा आणि लाल बादल्यांसमोर गर्दी होते. पण आपल्या भागाचा इतिहास जाणून घ्यायचा असेल तर आधी जमिनीवर पडलेला जाड, न दबणारा सक्शन पाइप, म्हणजे विहिरीतले पाणी पंपापर्यंत आणणारा पाइप, बघावा आणि त्याची लांबी विचारावी.

विदर्भात मोठ्या आगीची भीती कापसामागून आली. १८६१ ते १८६५ च्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. रेल्वेच्या आसपास जिन-प्रेस, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी दाबणारे कारखाने, उभे राहिले. घरोघरी विखुरलेला कापूस आता एकाच आवारात ढिगाने पडू लागला. वेचणीत आलेला खडा किंवा खिळा जिनात सापडला की ठिणगी पडते, रुईसोबत पुढे जाते आणि कधीकधी थेट गाठीत दाबली जाते.

गाठीची आग फसवी असते. जुनी गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. ती आतून धुमसते. कच्च्या रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेण असते, म्हणून वरून ओतलेले पाणी घरंगळून जाते. गाठीभोवतीच्या पट्ट्या तोडून थर उलगडत भिजवावे लागते. पट्टी तुटताच गाठ फुगते, आतल्या निखाऱ्याला हवा मिळते आणि भडका होतो. त्यामुळे नळीत पाणी आल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. विझलेल्या गाठी उघड्यावर, एकमेकींपासून दूर ठेवून काही दिवस राखाव्या लागतात.

१४ एप्रिल ही तारीखही कापसाच्या आगीशी जोडलेली आहे. १९४४ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कराचीत चढवलेल्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र होती. दुपारी धूर दिसला, पण आगीचे मूळ हाती लागेना. चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. त्यात ६६ अग्निशामक जवान गेले.

आता पाइपाकडे. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बाँबा’ म्हणजे पंप यावरून आला, आणि बंबाचे मर्मही पंपच. जुन्या हातपंपाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसे जोर लावत. पुढे इंजिनावर चालणारा, गाडीमागे ओढायचा ट्रेलर पंप आला. शक्ती वाढली, पण एक मर्यादा तशीच राहिली. पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हिशेबाने हे सुमारे १० मीटरपर्यंत जमते, प्रत्यक्षात ७ मीटरवर थांबते. मे महिन्यात आपल्याकडच्या कितीतरी विहिरींचे पाणी त्याहून खाली गेलेले असते. काठावर चांगला पंप, खाली पाणी, आणि तरी नळी कोरडी, याचे कारण एवढेच. जमिनीलगतचा भरलेला हौद हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

पाणी ७ मीटरच्या आत असले तरी क्रम चुकवून चालत नाही. सक्शन पाइपाच्या टोकाची जाळी पाण्यात पुरती बुडवायची, कपलिंग म्हणजे पाइपाचे सांधे घट्ट करायचे, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा आणि मग हवा काढायची. पाइपातली हवा किती निघाली हे सांगणाऱ्या निर्वात मापकाचा काटा दर मीटर चढाला पाऱ्याचे साधारण ३ इंच दाखवतो, म्हणजे ७ मीटरला सुमारे २० इंच. काटा चढून लगेच उतरला तर कुठूनतरी हवा शिरते आहे. पहिला संशय वाळून तडकलेल्या वायसरवर घ्यावा. उन्हाळ्यात वायसर आणि जुन्या पंपांतले चामड्याचे पडदे वाळतात, म्हणून ते काम नसतानाही ओले ठेवावे लागत.

आगीवर पाणी मारायच्या ६३ मिलिमीटर व्यासाच्या ३० मीटर नळीत भरल्यावर ९० किलोहून अधिक पाणी असते. ती ओढत फिरता येत नाही. आधी अंथरायची, मग पाणी सोडायचे. कॅनव्हासची नळी ओली गुंडाळली तर बुरशी खाते.

नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ मध्ये रामपूरला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी इथे आले. खेड्यात मात्र कोठ्याशेजारी (गुरांच्या गोठ्याशेजारी) कुटार, पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे भुसा आणि कापूस-तुरीची वाळलेली झाडे, रचलेल्या, आणि बंब तालुक्याहून यायचा. ४,५०० लिटरचा बंब मिनिटाला ४५० लिटरने दहा मिनिटांत रिकामा होतो. मग पुन्हा विहीर आणि तोच सात मीटरचा प्रश्न.

जाता जाता लाल बादली उलटी करून पाहा. तिचा तळ गोल असतो, म्हणजे ती जमिनीवर टेकत नाही, कोणी गुरांना पाणी पाजायला नेत नाही आणि खुंटीवरच राहते. शेजारच्या शंकूच्या आकाराच्या सोडा-ॲसिड नळकांड्याची मूठ मात्र दाबू नका. आत सल्फ्युरिक ॲसिडची काचेची बाटली अजून शाबूत असू शकते.